राहून गेलेली मैफल

वर्षांना घरोघरीं जीं नांवें पडतात तीं बहुधा संकटांवरून पडतात. पुण्याच्या जुन्या घरांतून वडीलधाऱ्यांच्या जन्माचा हिशेब 'प्लेगच्या आधीं दोन वर्षें' असा सांगितला जाई. पुढें 1961 च्या जुलैपासून 'पानशेतच्या आधीं' आणि 'पानशेतच्या नंतर' अशी कालगणना सुरू झाली. आणि 2020 हें वर्ष आतां कायमचें 'टाळेबंदीचें साल' होऊन बसलें आहे. अशा नांवानें सोय होते, तसा एक अन्यायहि होतो. त्या वर्षांत जें जें घडलें तें सगळें एका शब्दाच्या गाठोड्यांत बांधलें जातें आणि गाठोडें माळ्यावर जातें. कोणी तें सोडून पाहात नाहीं, कारण सोडलें कीं आधीं हातीं काय लागेल हें प्रत्येकाला ठाऊक असतें. या महिन्यांत आम्हीं तें सोडण्याचें योजिलें आहे, तें त्यांत अडकून पडलेल्या कांहीं तबकड्यांसाठीं.

तबकडी या शब्दाला वाचकांनीं हंसूं नये. गाणीं हल्लीं मोबाइलमधूनच येतात आणि तेथूनच जातात हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि आठ-दहा रचना एका विशिष्ट क्रमानें, एका मुखपृष्ठाखालीं गुंफून प्रसिद्ध करण्याची चाल अजून सुटलेली नाहीं. आणि त्या वस्तूला आमच्याजवळ याहून बरा शब्द नाहीं.

आमचा विषय पाश्चात्त्य सुगम गाण्याचा आणि विजेच्या वाद्यांवर निर्माण होणाऱ्या संगीताचा आहे. आमच्या वाचकवर्गांत पुष्कळांना याचें वावडें आहे. 'यंत्राला कसला आला आहे दमसांस?' हा प्रश्न आम्हीं अनेक सुशिक्षित घरांतून ऐकला आहे, आणि त्याचें उत्तर पुढें येईलच. परंतु त्याआधीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. हें संगीत मुळांत जमावासाठीं जन्मलेलें आहे. रिकाम्या देवळांत जसें कीर्तन रंगत नाहीं, तसें रिकाम्या दालनांत हें रंगत नाहीं. त्यांतील खर्जाचे ठोके कानांच्या आधीं बरगड्यांना कळावे लागतात. आणि शेजारीं उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या बरगड्यांनाहि ते त्याच क्षणीं कळले आहेत ही जाणीव, हीच त्याची खरी रंगत. नवी रचना चांगली कीं वाईट, याचा निकाल तेथें रात्रीं दोन वाजतां नाचणारीं पाउलें देतात. परीक्षकांचा अभिप्राय मागाहून येतो.

आतां त्या वर्षाचें पंचांग पाहावें. 10 जानेवारीला जॉर्जिया नांवाच्या लंडनच्या तरुण गायिकेची 'सीकिंग थ्रिल्स' ही तबकडी निघाली. बाई मूळच्या ड्रम वाजविणाऱ्या, आणि तबकडीचा सारा रोख नृत्यगृहाच्या स्तुतीकडे. दोन महिन्यांनीं, 11 मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेनें महामारी जाहीर केली. 23 मार्चला इंग्लंडची दारें मिटलीं, आणि आपल्याकडे 25 मार्चपासून देश घरांत बसला. इंग्लंडांतील नृत्यगृहें उघडावयास 19 जुलै 2021 उजाडावा लागला, म्हणजे जवळजवळ सोळा महिने लागले. बर्लिनचें सुप्रसिद्ध बर्गहाइन हें नृत्यगृह तर सप्टेंबरांत चित्रकारांना आणि शिल्पकारांना प्रदर्शनासाठीं देण्यांत आलें. जेथें हजारों लोक नाचत तेथें लोक ठराविक अंतर राखून चित्रें पाहूं लागले. आपल्याकडे तरी निराळें काय झालें? त्या वर्षीं पुण्यांत विसर्जनाची मिरवणूक निघाली नाहीं. जमावावर जगणाऱ्या सर्वच कलांची ती दशा होती. फरक इतकाच कीं, मिरवणूक पुढल्या कोणत्या तरी वर्षीं पुन्हां निघते. मार्चमध्यें निघालेली तबकडी सोळा महिन्यांनीं जुनी झालेली असते. तिची परीक्षा झालीच नाहीं, आणि परीक्षेची वेळ टळून गेली.

ज्यांचें नांव आधींच मोठें होतें ते तरून गेले. दुआ लिपा यांची 'फ्यूचर नॉस्टाल्जिया' 27 मार्चला, म्हणजे ऐन मुहूर्तावर, निघाली आणि घरोघरीं स्वयंपाकघरांतून वाजली. चार्ली एक्ससीएक्स या गायिकेनें तर एप्रिलच्या आरंभीं घरांत बसून नवी तबकडी करण्याचें जाहीर केलें, श्रोत्यांना रोजच्या रोज मसुदे दाखविले, आणि 15 मे रोजीं ती प्रसिद्धहि केली. तिचें कौतुक झालें तें योग्यच झालें. त्याविषयीं आम्हीं आणखी लिहिण्याचें कारण नाहीं.

आम्हांला बोलावयाचें आहे तें उरलेल्यांविषयीं. जाणकारांच्या वर्षअखेरच्या याद्यांतून यांपैकीं कांहींचीं नांवें आलीं, नाहीं असें नाहीं. परंतु यादींत नांव येणें आणि घरांत गाणें वाजणें यांत फार अंतर आहे.

पहिली तबकडी ल्यिरा प्रामुक यांची, 'फाउंटन'. ती 20 मार्चला निघाली. त्याच दिवशीं बँडकँप या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळानें कलावंतांच्या मदतीसाठीं आपला हिस्सा सोडून दिला, आणि एका दिवसांत तेथें 43 लाख डॉलरची खरेदी झाली. लोकांना कलावंतांची आठवण नव्हती असें म्हणवत नाहीं. पण त्या गर्दींत एका नवख्या बाईची पहिली तबकडी कितीजणांनीं शांतपणें ऐकली असेल? प्रामुकबाई अमेरिकन, पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाचें रीतसर शिक्षण घेतलेल्या आणि पुढें बर्लिनमध्यें स्थायिक झालेल्या. 'फाउंटन'मध्यें सात रचना आहेत आणि वाद्य एकहि नाहीं. खर्जाचा जो घनगंभीर नाद येतो तो त्यांच्याच गळ्याचा, यंत्रानें खालीं उतरविलेला. जो ठोका येतो तो त्यांच्याच श्वासाचा तुकडा. अर्थपूर्ण शब्द असे जवळजवळ नाहींतच. शब्दांवांचूनच्या आलापाची ज्यांना संवय आहे त्या आपल्या श्रोत्यांना यांत अडचण वाटूं नये. त्यांतील 'गॉसिप' ही रचना आम्हांला विशेष आवडते. एकाच कंठाचे शेंदीडशें तुकडे एकमेकांशीं अशी कांहीं कुजबुज करूं लागतात कीं, वाड्यांतल्या नळावर सकाळीं जमलेल्या बायांची आठवण व्हावी. आणि हें सगळें एकटीचें, हें कळलें म्हणजे त्या कुजबुजीचा रंगच पालटतो. ज्या महिन्यांत नळावर जमण्यास बंदी झाली त्याच महिन्यांत ही निघावी, हा योगायोगच. रचना त्या आधींची आहे. 'यंत्राला दमसांस नाहीं' असें म्हणणाऱ्यांना आम्ही प्रथम हीच ऐकवितों, कारण हिच्यांत दमसांसाखेरीज दुसरें कांहींच नाहीं.

दुसरी आहे बिॲट्रिस डिलन या लंडनच्या बाईंची 'वर्कअराउंड'. ही फेब्रुवारींतच, म्हणजे दारें मिटण्यापूर्वीं दीड महिना, निघाली होती. नांवाचा अर्थ, सरळ रस्ता बंद असतां काढलेली आडवाट. हिच्यांत चौदा रचना, आणि चौदाहि एकाच लयींत आहेत, मिनिटास 150 ठोके. एक ठोका म्हणजे एक मात्रा धरली तर तीनतालाचें आवर्तन साडेसहा सेकंदांच्या आंत संपतें. वाचकांपैकीं तबला शिकणाऱ्या मुलांनीं घरीं हाताच्या टाळीनें हें करून पाहावें, म्हणजे लय किती चढी आहे हें कळेल. आणि तबल्याचा उल्लेख आम्हीं उगीच केलेला नाहीं. या तबकडींत कुलजीत भामरा यांचा तबला आहे. भामरा हे लंडनच्या साउथॉल भागांतील. विलायतेंतील भांगड्याला आधुनिक रूप देणाऱ्यांत त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. त्यांच्या तबल्याशेजारीं ल्यूसी रेल्टन यांचा चेलो आहे आणि काडिअली कुयाते यांचा कोरा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेंतील तुंब्याचें तंतुवाद्य, आहे. परंतु यांतला कोणीहि मैफल मांडून बसलेला नाहीं. डिलनबाईंनीं प्रत्येकाकडून थोडा थोडा नाद घेतला, त्यामागें रेंगाळणारी आंस कापून टाकली, आणि उरलेला कोरडा, टणक तुकडा स्वच्छ पाटावर रांगोळीचा ठिपका ठेवावा तसा नेमक्या जागीं ठेवला. ठिपके आहेत, रेघा नाहींत. रेघा ऐकणाऱ्यानें मनांत ओढावयाच्या.

हें सर्वांना रुचेल असा आमचा दावा नाहीं. आमच्या घरांत ही लावली असतां एका वडीलधाऱ्या बाईंनीं, ज्यांनीं आपल्या तरुणपणीं पुष्कळ मैफली जाग्या राहून ऐकल्या आहेत, पाऊण तासानें विचारलें, 'तबलजी अजून लावतोच आहे का रे?' प्रश्न थट्टेचा होता, पण त्यांत कान होता. वादक साज जुळवीत असतांना जी एक उत्सुक, मोकळी शांतता पसरते, तीच या तबकडीनें आरंभापासून शेवटापर्यंत धरून ठेविली आहे. गाणें सुरू होण्याची वाट पाहाणें, हेंच येथें गाणें आहे. पुढें आलेल्या वर्षभरांत सगळें जग कशाची ना कशाची वाटच पाहात होतें. तेव्हां ही ऐकली जावयास हवी होती.

तिसरीविषयीं मात्र आम्ही अंमळ विस्तारानें लिहिणार आहों, कारण या सर्वांत आमचा जीव जडला आहे तो तिच्यावर. केली ली ओवेन्स या उत्तर वेल्समधल्या. तरुणपणीं त्या मँचेस्टर येथील कर्करोगाच्या रुग्णालयांत शुश्रूषेचें काम करीत. मनासारखें आयुष्य जगून घ्या, गाण्याच्या मागें जा, असा आग्रह त्यांना तेथील रोग्यांनींच केला, असें त्यांनीं स्वतः सांगितलेलें आहे. ज्यांच्याजवळ दिवस थोडे उरले होते त्यांनीं दिलेला हा सल्ला घेऊन त्या लंडनला आल्या, तबकड्या विकणाऱ्या दुकानांत काम केलें, आणि मग स्वतः रचना करूं लागल्या. 'इनर सॉंग' ही त्यांची दुसरी तबकडी. ती मेच्या आरंभीं निघावयाची होती. साथीमुळें लांबली आणि 28 ऑगस्टला निघाली.

आरंभाची रचना रेडिओहेड या मंडळीच्या एका प्रसिद्ध गाण्यावरून घेतली आहे, परंतु शब्द सगळे काढून टाकून. ओळखीच्या घरांत शिरावें आणि माणसें उठून गेलेलीं असावींत, दिवा मात्र जळत असावा, तसा तो अनुभव आहे. 'मेल्ट!' या रचनेंत वितळणाऱ्या हिमनदीचे आणि बर्फावरून घसरत जाणाऱ्या माणसांचे आवाज टिपून त्यांचेच ठोके केले आहेत. पृथ्वीच्या पोटांतील बर्फ तडकत आहे आणि त्याच तडकण्यावर पाउलें नाचत आहेत. यावर भाष्य करण्याचें बाईंनीं टाळलें आहे, तें उत्तम केलें आहे. 'ऑन' हें गाणें अर्ध्यापर्यंत विरहाचें असतें, हळुवार आणि किंचित् थकलेलें. मग मध्येंच खालून ठोका वर येतो आणि तें गाणें नाचूं लागतें. दुःखाची समजूत घालण्याचा तेथें प्रयत्न नाहीं. दुःख तसेंच आहे, आणि पाय हलूं लागले आहेत, एवढेंच.

'जीनेट' हें तर आजीचें नांव आहे. बाईंच्या आजीला उद्देशून ही रचना केलेली आहे. हिलाहि शब्द नाहींत. आजीविषयीं शब्दांत लिहावयास बसलें कीं लेखणी किती लौकर गोड होते हें आम्हां संपादकी टेबलापाशीं बसणारांना वेगळें सांगावयास नको. येथें फक्त वर चढत जाणारे स्वर आहेत, पहांटे खिडकी उघडल्यावर प्रकाश पसरावा तसे. त्या वर्षीं कितीतरी घरांतून आजीला नातवंडांपासून दूर ठेवावें लागलें, काचेपलीकडून हात हलवावा लागला. कांहीं घरांतून तेवढाहि निरोप घेतां आला नाहीं. त्या घरांना हें वर्ष पुन्हां उघडा असें आम्ही म्हणणार नाहीं. तो अधिकार आमचा नाहीं.

आणि मग 'कॉर्नर ऑफ माय स्काय'. यांत जॉन केल यांचा आवाज आहे. केल हे वेल्सचेच, 1942 सालीं जन्मलेले. 'व्हेल्व्हेट अंडरग्राउंड' या मंडळीचे एक संस्थापक. ओवेन्सबाईंनीं त्यांना मायभूमीविषयीं कांहीं बोलावयास सांगितलें, आणि अठ्ठ्याहत्तरीच्या घरांतील तो खरखरीत, भारदस्त आवाज कांहीं इंग्रजींत आणि कांहीं वेल्श भाषेंत पावसाविषयीं बोलूं लागतो. बोलणें आणि गाणें यांच्या मधल्या कोठल्या तरी उंबरठ्यावर तो उभा आहे. मागें ओवेन्सबाईंचें यंत्र सात मिनिटें एकच ढग हळूहळू सरकवीत राहातें. आपल्या मुलखापासून दूर राहून आपली भाषा जपलेल्या कोणालाहि यांतलें मर्म सांगावें लागणार नाहीं. शब्द न कळतांहि आम्हीं हें इतक्यांदा ऐकलें आहे कीं, वेल्श ही आतां आमच्या कानांना परकी वाटत नाहीं.

या तिघींच्या मानानें पुढल्या दोघींविषयीं थोडक्यांत आटोपतों. एला मायनस या कोलंबियांतील बोगोटा शहराच्या; यांची 'ॲक्ट्स ऑफ रिबेलियन' ऑक्टोबरांत निघाली. संगणकाला हात न लावतां, केवळ हातांनीं फिरवावयाच्या बटणांच्या यंत्रांवर केलेली, अंधाऱ्या खोलीचा वास असलेली ही तबकडी आहे. तिच्यांतील 'डोमिनीक' या गाण्यांतील बाई संध्याकाळीं सातला झोंपेतून उठते, दोन दिवसांत तिनें माणूस पाहिलेलें नसतें, आणि आपण बोलणें विसरून तर गेलों नाहीं ना अशी तिला धास्ती वाटते. त्या वर्षीं हें गाणें कोणाला लागू पडलें नसतें? दुसऱ्या कॅनडाच्या जेसी लान्झा. त्यांच्या 'ऑल द टाइम'मध्यें राग या विकाराविषयीं इतक्या गोड, बारीक आवाजांत गाइलेलें आहे कीं पहिल्या ऐकण्यांत तो राग आहे हेंच कळत नाहीं. उत्तरार्ध मात्र आम्हांस थोडा सैल वाटला. दोन गाणीं कमी असतीं तर बिघडलें नसतें.

याच वर्षीं या संगीताचे एक मूळपुरुषहि गेले. जर्मनीच्या ड्युसेलडॉर्फ शहरांत 1970 सालीं 'क्राफ्टवेर्क' ही मंडळी स्थापन करणाऱ्या दोघांपैकीं एक, फ्लोरियान श्नायडर, एप्रिलमध्यें वयाच्या 73 व्या वर्षीं निवर्तले. जगाला तें कळलें मेमध्यें. आज विजेवर जें कांहीं वाजतें त्यांतल्या बहुतेकांचा धागा त्या दोघांपर्यंत जाऊन पोंचतो. तीं वृत्तपत्रें रोजच्या आंकड्यांनीं भरलेलीं होतीं. या बातमीला जागा मिळाली ती कोपऱ्यांत.

राहिली ती 'सिक्स्टीन ओशन्स', फोर टेट या नांवानें रचना करणारे कीरन हेब्डन यांची. महामारी जाहीर झाल्यावर दोनच दिवसांनीं, 13 मार्चला, ही निघाली. हेब्डन लंडनचे, त्यांच्या आईचा जन्म दक्षिण आफ्रिकेंतला आणि वंश हिंदी. यांची आणि आपली एक जुनी ओळखहि आहे: 2015 सालच्या 'मॉर्निंग / ईव्हनिंग' या तबकडीच्या प्रातःकाळच्या बाजूवर त्यांनीं लता मंगेशकरांचा स्वर गुंफला होता, आणि तो गुंफतांना त्याला धक्का लागूं दिला नव्हता. 'सिक्स्टीन ओशन्स'च्या पूर्वार्धांत नाचण्याजोगें पुष्कळ आहे. पण उत्तरार्धांत ठोका मंदावत जातो, पक्षी येतात, पाण्याचे बुडबुडे येतात, आणि सोळाव्या, म्हणजे अखेरच्या, रचनेचें नांव आहे 'मामा टीचेस संस्कृत'. आई संस्कृत शिकविते! जगांतील नृत्यगृहांसाठीं केलेली तबकडी या नांवाशीं येऊन थांबते, आणि त्याच आठवड्यांत तीं नृत्यगृहें बंद होतात. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं आईच्या मांडीवर बसून 'रामः रामौ रामाः' घोकलें आहे, त्यांना या नांवावरूनच ती ऐकण्याची इच्छा व्हावी.

ऐकण्याविषयीं दोन व्यावहारिक गोष्टी. मोबाइलच्या इवल्याशा तोंडांतून हें संगीत ऐकूं नये. त्यांतला खर्ज तेथें मुळींच उमटत नाहीं, आणि खर्ज गेला म्हणजे पाया गेला. घरांत बरे ध्वनिक्षेपक असतील तर ते लावावेत, आणि शक्यतों चार माणसांनीं मिळून ऐकावें. एकट्यानें ऐकण्याचें काम त्या वर्षीं झालेलें आहे. क्रम आमच्या मतें असा असावा: आधीं 'जीनेट', मग प्रामुकबाईंची 'गॉसिप', मग दिवे मंद करून जॉन केल यांचा पाऊस, आणि त्यामागून हेब्डन यांच्या शेवटच्या तीन रचना. भामरा यांचा तबला मात्र अगदीं अखेरीस ठेवावा. तो लागला कीं घरांतील जाणकार मंडळी मात्रा मोजूं लागतील, मग वाद घालूं लागतील, आणि त्यानंतर दुसरें कांहीं लावूं देणार नाहींत.